नऊ ते एक, उठायचं नाही

कुणीतरी मला पुसा हो. पाच महिने झाले, अंगावरचा खडू तसाच आहे. उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याची धूळ त्यावर बसली, पाली फिरून गेल्या, एकदा छत गळलं तेव्हा कोपऱ्यातून पाण्याचा ओघळही आला. पण जे जायला हवं होतं तेच नेमकं राहिलं.

मी फळा आहे, लाकडाचा, जुना. मम्पोंग गावात येबोआ मास्तरांच्या पुढच्या खोलीत, दाराला लागून असलेल्या भिंतीवर टांगलेला. या घरात कोण आलं, कोण गेलं, कोण परत फिरलं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

माझा जन्म इथल्याच एका सुताराच्या हातचा. हलक्या लाकडाच्या चार फळ्या, मागून दोन आडव्या पट्ट्या, झालो तयार. माझा काळा रंग मात्र विकतचा नव्हता. दर सत्राच्या सुरुवातीला पोरं घरून संपलेले सेल आणायची, दगडाने फोडून आतला कोळसा काढायची, कसावा नावाच्या कंदाच्या पाल्याबरोबर कुटायची आणि तो लगदा माझ्या अंगाला चोळायची. त्या दिवशी अख्ख्या वर्गाची तोंडं काळी, आणि एकटा मी कोरा करकरीत. काय दिवस होते!

एकतीस वर्षं मी शाळेत होतो, त्यातली बावीस येबोआ मास्तरांच्या हाताखाली. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं. ओळ वाकडी गेली तर पुसून पुन्हा लिहायचे. चाळीस मिनिटं झाली की घंटा व्हायची. धडा पुरा झालेला असो वा नसो, मास्तर मला पुसायचे आणि निघायचे. त्या घंटेचं मोल मला तेव्हा कळलं नाही. मास्तरांनाही नाही.

मग शाळेत पांढरे गुळगुळीत फळे आले आणि मला कोंबड्यांच्या खुराड्याला लावायचं ठरलं. त्याच महिन्यात मास्तर निवृत्त होत होते. त्यांनी मला मागून घेतलं आणि टॅक्सीच्या टपावर बांधून घरी आणलं. दारात त्यांची बायको सेरवा कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अहो मास्तर, लोक शाळेतून निघताना घड्याळ आणतात, शाल आणतात. तुम्ही फळा आणलात? आता मला शिकवणार का काय?"

"पुस्तक लिहायचंय," मास्तर म्हणाले. "शिस्त हवी. रोजचं काम रोज यावर लिहीन."

"लिहा बाई. यामच्या कंदांची पोती कुठे ठेवायची तेही त्यावरच लिहा, म्हणजे मला जागा मिळेल."

सेरवाचं बाजारात कापडाचं दुकान आहे. ती सकाळी जाते ती संध्याकाळीच येते. जिभेला धार, पण मनाची मऊ.

आता पुस्तक कसलं, ते सांगतो. मास्तरांना आपल्या आईबद्दल लिहायचं होतं. मास्तर दोन वर्षांचे असताना त्यांच्या आईने, अबेनाने, त्यांना आपल्या थोरल्या बहिणीच्या पाठीवर बांधलं आणि लॉरीत बसून समुद्राकाठच्या सेकोंदीला निघून गेली. परत आली नाही. वर्षभरात तिकडेच वारली. ती पोराला टाकून गेली, की तिला जावं लागलं? सहासष्ट वर्षांचा माणूस, डोक्यावरचे केस पांढरे, आणि आत हा एवढा प्रश्न दोन वर्षांच्या पोरासारखा बोट धरून उभा. उत्तर ठाऊक असलेलं माणूस जगात एकच उरलं होतं. ती थोरली बहीण, बोआतेमा मावशी.

मावशी त्र्याऐंशीची, तासाभराच्या वाटेवर कोफियासेला राहायची, आणि अजून स्वतःच्या शेतात खपायची. आमच्याकडे गुरुवारी जमिनीला लोखंड लावत नाहीत, म्हणून मावशी गुरुवारी मोकळी. कधी मास्तर तिकडे जात, कधी ती ट्रोट्रोत, त्या खचाखच भरणाऱ्या छोट्या बसमध्ये, बसून इकडे येई. दारातून हाक यायची, "आगो!" आतून मास्तर ओरडायचे, "आमे!" म्हणजे ये आत. मग तिला बसवायचं, पाणी द्यायचं, आणि ती पाणी पिऊन झाली की विचारायचं, "काय खबर आणलीस, मावशी?" ती म्हणणार, "खबर बरीच आहे. काही वाईट नाही." एवढं झाल्याशिवाय ती एक अक्षर बोलायची नाही. मास्तरांना ती नावाने हाक मारायची, क्वाबेना.

ती गोष्ट तुकड्यातुकड्यांनी सांगायची. एका बैठकीला फक्त अबेनाच्या लहानपणचा ताप. दुसऱ्या बैठकीला तिचं लग्न, तिच्या सासूचा स्वभाव. मास्तर लिहून घ्यायचे. कधी वहीत, कधी हाताला लागेल त्या कागदाच्या पाठीवर. शेवटच्या बैठकीला मावशी लॉरीच्या अड्ड्यावर पोचली होती.

"तू माझ्या पाठीवर झोपलेला," मावशी सांगत होती. "अबेना चढून बसली. लॉरी सुटायची वेळ झाली, आणि ही बया खाली उतरली! ड्रायव्हर शिव्या देतोय, लोक ओरडतायत. ती पळत आली, तुझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि माझ्या कानाशी तोंड आणून एकच वाक्य बोलली."

"काय?" मास्तरांची पेन्सिल कागदावर टेकलेली.

मावशीने उन्हाकडे पाहिलं. "अगं बाई, माझी गाडी! क्वाबेना, पुढच्या गुरुवारी तू ये. ते वाक्य घाईत सांगायचं नाही. त्याच्या आधीचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर तू तिच्याबद्दल मनात वाकडं आणशील."

"मग फोनवर सांग ना गं."

"फोनवर? मेलेल्या माणसाचं बोलणं असं येताजाता सांगतात होय रे? पाणी प्यायचं, बसायचं, मग सांगायचं. मी कुठे पळून जातेय?"

त्या संध्याकाळी मास्तरांनी पिवळ्या खडूने माझ्यावर लिहिलं, 'गुरुवार: मावशी.'

पण मास्तरांचं गाडं अडायचं ते इथेच. वेळापत्रक आखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. सकाळी उठून ते पट्टीने माझ्यावर रेघा मारायचे. लिखाणाला पिवळा खडू, वाचनाला निळा, घरकामाला पांढरा. निळा तुटला की निळा आणायला बाजारात. आले की वह्या लावायला बसायचे. तिसरी वही सापडायची नाही. ती शोधताना जुनी पत्रं सापडायची, ती वाचत बसायचे. तोवर सेरवाने पाठवलेली कापडाची गठडी टेबलावर येऊन पडायची. मग ऊन तापायचं, आणि मास्तर माझ्यासमोर उभे राहून म्हणायचे, "आज मेळ बसला नाही. उद्या नऊपासून." पुस्तकाचं पहिलं पान त्यांनी सात वेळा लिहिलं. मी मोजलंय, मला दुसरा उद्योग काय होता?

बरं, जे करायला बसायचे तेही लोक करू देतील तर शपथ! घरी असलेल्या माणसाला काम असतं, हे इथे कुणाच्या डोक्यातच शिरत नाही. शेजारची पोकुआ केंके विकते. मक्याच्या पिठाचे गोळे उकळत ठेवायची आणि दारातून ओरडायची, "आगो! मास्तर, जरा भांड्याकडे बघाल? तुम्ही काय, बसलेलेच असता." कुणी किल्ली ठेवायचं, कुणी कोंबडी बांधून जायचं. मास्तर प्रत्येक 'आगो'ला 'आमे' म्हणायचे, पाणी द्यायचे, खबर विचारायचे. तसं न करणारा माणूस त्यांच्यात नव्हताच.

आणि मयतीच्या पुस्तिका! आमच्याकडे माणूस गेलं की दफनाला आलेल्या प्रत्येकाच्या हातात त्याच्या आयुष्याची छापील पुस्तिका पडायला हवी. ती लिहायची कुणी? मास्तरांनी. पहिल्याच गुरुवारी, मास्तर मावशीकडे जायला निघाले, पायात वहाणा घातलेल्या, तोच चर्चमधले एक गृहस्थ दारात. "मास्तर, आमचे वडील. परवा शनिवारी दफन आहे." झालं. मास्तर बसले आणि दोन तासांत चार पानं लिहून दिली. शनिवार पुढे ढकलता येत नाही ना! परक्यांची आयुष्यं ते एका बैठकीत लिहायचे. आईचं तेवढं राहून जायचं.

मास्तरांनी तो गुरुवार पुसला आणि पुढच्या आठवड्यावर लिहिला. पुढच्या गुरुवारी सेरवाच्या बहिणीच्या नातवाचं बारसं निघालं. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिसरी वही हरवली, आणि वहीशिवाय मावशीकडे कसं जायचं म्हणून दिवसभर शोधत बसले. ती सापडली कुठे? यामच्या पोत्याखाली. असे सहा गुरुवार मी अंगावर घेतले आणि सहाही वेळा मला पुसलं गेलं. आपण बाराखडी गिरवणाऱ्या पोरांचे, आपल्यावर खोटं कधी लिहिलं गेलं नाही, असा माझा तोरा होता. या घरात तो पार उतरला.

मग बादू आले. बादू म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, मास्तरांचे बालमित्र. माझ्याकडे बघून ते पोट धरून हसले.

"अरे, हे वेळापत्रक आहे का रंगाचं दुकान? तुझा रोग वेगळाच आहे, येबोआ. तू 'आमे' म्हणतोस, तिथेच मरतोस. आमची पोस्टाची खिडकी बंद झाली की बाहेर कुणी डोकं आपटलं तरी उघडत नव्हती. एक आठवडा कर. वहाणा आत घे, दार लाव, कुणी 'आगो' म्हटलं तर गप्प बस."

"गप्प बसू? घरात असून?"

"पुस्तक हवंय का पाणी वाटत बसायचंय?"

 मास्तरांनी खडू घेतला, माझ्या मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'नऊ ते एक, उठायचं नाही', आणि खाली दोन रेघा मारल्या.

संध्याकाळी सेरवाने वाचलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "अहो, घरात असून तोंडाला कुलूप? आगो म्हटल्यावर मुकं बसतं ते फक्त प्रेत. घरात मयत झाल्यासारखं काय करताय?"

"एकच आठवडा," मास्तर म्हणाले.

सोमवारी दार लागलं. पोकुआने तीनदा हाका मारल्या. "मास्तर नाहीत वाटतं," म्हणून गेली. मास्तरांच्या कपाळावर घाम, पण उठले नाहीत. एक वाजेपर्यंत तीन पानं झाली. मंगळवारी चार. बुधवारी मास्तर लिहिता लिहिता स्वतःशी हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मलाही गर्व झाला. माझ्यावर लिहिलेलं अखेर खरं होत होतं.

दुसरा दिवस गुरुवार. बुधवारी संध्याकाळीच मास्तरांनी 'मावशी' पुसलं. "आता गती लागलीय," ते सेरवाला म्हणाले. "ती मोडायला नको. लॉरीपर्यंतचं सगळं लिहून काढतो, मग पुढच्या गुरुवारी ताठ मानेने जातो."

"सात आठवडे झाले," सेरवा म्हणाली. "म्हातारं माणूस आहे ते."

"ती कुठे पळून जातेय?" मास्तर म्हणाले. मावशीचंच बोलणं होतं ते.

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला दारात हाक आली. "आगो!"

मी ओळखली. मास्तरांनीही ओळखली. त्यांची पेन्सिल थांबली.

"आगो! क्वाबेना, अरे मी आहे."

मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. मी शपथेवर सांगतो, अर्धे उठले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समोर अक्षरं केवढी मोठी. 'नऊ ते एक, उठायचं नाही.' आणि ते पुन्हा बसले. हळूच पुटपुटले, "पोकुआकडे बसेल ती. नेहमी बसते. एक वाजता बोलावतो. एवढं पान होऊ दे."

त्या क्षणी मी भिंतीवरून निसटून पडलो असतो तर! खिळा सुटला असता, दोरी तुटली असती, काहीही झालं असतं. मोठा आवाज झाला असता आणि बाहेर कळलं असतं की आत माणूस आहे. पण मी लाकडाचा. घट्ट टांगलेला राहिलो.

तिसरी हाक आली नाही. मावशी पायरीवर बसली. माझ्या पाठीमागच्या भिंतीलाच ती पायरी लागून, म्हणून मला ऐकू येत होतं. तिला धाप लागली होती. दारापाशी वहाणा दिसत नाहीत, म्हणजे घरात कुणी नाही, असं तिने धरलं असणार. थोड्या वेळाने ती स्वतःशीच म्हणाली, "एवढ्या लांब आले, आणि पाणीसुद्धा नाही." रागाने नाही म्हणाली. दमलेलं माणूस म्हणतं तसं म्हणाली. मग उठली आणि गेली.

मास्तर लिहीत राहिले. पान झालं. एक वाजता त्यांनी दार उघडलं तेव्हा पायरीवर हिरव्या केळ्यांची एक फणी होती. पोकुआच्या दाराला कुलूप. ती सकाळपासून बाजारात होती. मास्तर अनवाणीच ट्रोट्रोच्या अड्ड्याकडे धावले, आणि अर्ध्या तासाने पाय ओढत परत आले.

संध्याकाळी त्यांनी मावशीच्या शेजारणीला फोन लावला. फोनमधला मावशीचा आवाज मला ऐकू येत होता, कानाने अधू माणसं ओरडूनच बोलतात ना.

"मी आले होते रे! तू नव्हतास."

"हो मावशी." मास्तर म्हणाले. " बाहेर गेलो होतो."

"असू दे, असू दे. केळी घेतलीस का? शिजवून खा. आणि गुरुवारी ये बाबा. माझ्या डोक्यात सगळं लावून ठेवलंय, तुला सांगायला."

सेरवा ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "उद्याच जा."

"उद्या ती शेतात असेल. गुरुवारी जातो." मास्तरांनी खडू उचलला आणि माझ्यावर लिहिलं, 'गुरुवार: मावशी. नक्की.'

मंगळवारी सकाळी फोन आला. मावशी झोपेतून उठलीच नाही.

मास्तर रडले नाहीत. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि तो 'नक्की' वाचत राहिले. सेरवाने त्यांना हाताला धरून बसवलं, पाणी दिलं. त्यांनी तो पेला हातात धरला आणि तसाच धरून ठेवला. पीत नव्हते, खाली ठेवत नव्हते.

घराण्यातली वडीलधारी मंडळी जमली. सुतकाचे लाल-काळे कपडे निघाले, दफनाचा शनिवार ठरला. एक काका म्हणाले, "पुस्तिकेचं काही बघायला नको. लिहिणारा घरातलाच आहे."

मास्तर दुसऱ्या दिवशी नऊ वाजता बसले आणि एक वाजता उठले. मधे कुणी आगो म्हटलं असेल नसेल, त्यांना ऐकूच आलं नाही. माझ्यावर लिहिलेलं त्या दिवशी तंतोतंत पाळलं गेलं. चार पानं झाली. मावशीचं शेत, तिची माणसं, तिचा स्वभाव, सगळं आलं. शेवटी एक ओळ होती. सेरवाने ती मोठ्याने वाचली. 'तिची धाकटी बहीण अबेना लॉरीतून उतरून तिच्या कानात काय म्हणाली, हे फक्त तिलाच ठाऊक होतं.'

शनिवारी लोक म्हणाले, "मास्तर, काय लिहिलंत! आतड्याला पीळ पडला." मास्तर मान हलवून आभार मानत राहिले. पुस्तिका वेळेवर छापून आली होती. एकही चूक नव्हती.

पुस्तक तिथेच थांबलंय. सात वह्या आहेत, आता सगळ्या क्रमाने लावलेल्या, टेबल स्वच्छ, पोती हलवलेली. एवढी टापटीप या घरात कधी नव्हती. सातवी वही लॉरीच्या अड्ड्यावर संपते. बादू एकदा येऊन गेले. "बाकीचं मनाने लिही," म्हणाले. मास्तर म्हणाले, "मनाने लिहिलं तर आई मला टाकूनच जाते रे. दर वेळी."

सेरवाने मला पुसायला दोनदा फडकं उचललं. दोन्ही वेळा मास्तर म्हणाले, "राहू दे." म्हणून मी असा उभा आहे, मधोमध 'उठायचं नाही' आणि कडेला 'नक्की' घेऊन. ज्याने पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवली, त्याच्या अंगावर हे असावं? दोष मास्तरांचा, बादूंचा, की माझा, हे मी पाच महिने उकलतोय. अक्षरं माझ्यावर होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते बसले. एवढं मला विसरता येत नाही.

आता दार सताड उघडं असतं. वहाणा बाहेर. दर गुरुवारी सकाळी मास्तर पाण्याचा पेला भरून पायरीवर ठेवतात आणि आत खुर्चीत बसतात, लिहीत नाहीत. साडेदहाला कुणी हाक मारलेली नसते, गल्लीत चिटपाखरू नसतं, तरी ते मोठ्याने म्हणतात, "आमे!" आणि वाट बघतात.

तुमच्यापैकी कुणी या वाटेने आलात तर दारात 'आगो' म्हणा, त्यांना बरं वाटेल. पेला पायरीवर असेल, पाणी प्या. आणि मास्तर खबर विचारायला लागले की त्यांचं लक्ष चुकवून हात जरा माझ्याकडे आणा. सगळं पुसू नका, ते त्यांना सोसणार नाही. तेवढा 'नक्की' पुसा.